मे महिन्यात तडकणारे लाकडी सर्व्हिंग बोर्ड: तेल, मेण, हळद आणि बाकीच्या कटकटी

सांबारवडी | १२ मे, रात्री ९:४०

हाताने बनवलेले दोन सर्व्हिंग बोर्ड आहेत. एक सागाचा, ४० × २५ सेंमी, २० मिमी जाड, अख्ख्या एका फळीचा. दुसरा शिसवाचा, गोल, ३० सेंमी व्यासाचा, दोन बाजूंना पितळी मुठी. दोन्हींना महिन्यातून एकदा खोबरेल तेल लागतं. आजची स्थिती अशी:

सागाच्या बोर्डाला एका टोकाकडून ४ सेंमी लांब, केसाएवढी चीर. शिवाय मधे खोलगट होऊन दोन्ही लांब कडा ओट्यापासून ३ मिमी उचलल्यात. शिसवाच्या बोर्डाला मुठीच्या स्क्रूपासूनच चीर निघाली आहे. सागावर पाटवडीच्या रश्श्याचा पिवळा डाग होता, तो साबणाने घासल्यावर चक्क लाल झाला. आणि लोखंडी तवा ठेवला होता तिथे काळं वर्तुळ.

सुतार म्हणतो, चिरेत भुसा-फेविकॉल भरतो आणि वरून मेलामाईन (कडक, चकचकीत पॉलिश) मारून देतो. मारू द्यावं का? आणि तेल नेमकं कोणतं वापरायचं?

रंधा | १२ मे, रात्री १०:२५

ताई, भुसा भरू देऊ नका. निदान आत्ता तरी नाहीच.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, तेल लावा की लावू नका. नागपुरात मे महिन्यात दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते, जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या वर. घरातल्या लाकडाचा स्वतःचा ओलावा त्याप्रमाणे साधारण ६ टक्क्यांपासून १४ टक्क्यांपर्यंत हलतो, म्हणजे ८ टक्क्यांचा फरक. सागात ओलावा १ टक्क्याने बदलला की आडव्या कापाच्या फळीची रुंदी साधारण ०.१८ टक्के बदलते, उभ्या कापाची ०.१० टक्के. तुमच्या २५ सेंमी रुंद बोर्डाचा हिशोब केला तर आडव्या कापात साडेतीन मिमीच्या वर, उभ्या कापात २ मिमी. लांबीत काहीच नाही म्हटलं तरी चालेल.

कोणता काप ते टोकाकडून बघा. वर्षवलयं बोर्डाच्या पृष्ठभागाला समांतर, कमानीसारखी आडवी दिसली तर आडवा काप. रेघा वर-खाली उभ्या असतील तर उभा. खोलगट झालाय म्हणता त्या अर्थी तुमचा आडवाच असणार.

आता चीर. टोकातून ओलावा अंगापेक्षा कितीतरी पटीने लवकर उडतो. टोक आकसतं, मधला भाग अजून फुगलेलाच असतो, मग टोक फाटतं. ही मे महिन्यातली चीर पावसाळ्यात बहुतेक आपोआप मिटते. तिच्यात आज कडक भुसा-फेविकॉल भरलात तर ऑगस्टमध्ये लाकूड फुगायला बघेल, पण जागाच नसेल. मग दोन्ही बाजूंचे तंतू त्या भरावावर चेंगरतात आणि कायमचे दबतात. पुढच्या मे महिन्यात तीच चीर आणखी रुंद होऊन पुढे सरकलेली दिसेल. भरलेल्या चिरा दर वर्षी वाढतात त्या यामुळे.

आत्ता इतकंच करा: दोन्ही टोकांना मेण चोळा (प्रमाण खाली कुणीतरी देईलच), बोर्ड कूलरच्या झोतातून आणि गॅसच्या शेजारून हलवा, आणि थांबा.

भरदुपार | १३ मे, सकाळी ७:५०

तेल लावूनही लाकूड ओलावा घेतं हे पटत नाही. दर आठवड्याला भरपूर तेल पाजलं तर तडकणारच नाही. बोर्ड तडकला म्हणजे तेल कमी पडलं, सरळ आहे.

रंधा | १३ मे, सकाळी ८:३०

सरळ नाही भाऊ. तेल *पाणी* अडवतं: सांडलेलं, धुताना लागलेलं, संत्र्याचा रस. हवेतली वाफ ते जेमतेम मंदावतं. मेणाचा थर जरा जास्त मंदावतो. पूर्ण अडवायची तर जाड प्लास्टिकसारखा थर हवा, आणि तो सुरीच्या पहिल्याच ओरखड्याला फुटतो.

आठवड्याला भरपूर तेल पाजलं तर बोर्ड चिकट होतो, वर धूळ बसते, आणि चीर पडायची ती पडतेच. तेलाचं काम डाग आत जाऊ न देणं आणि धुण्यामागचा झटका सौम्य करणं, एवढंच. तडकणं थांबवायचं असेल तर लाकडाचा काप, बांधणी आणि ठेवायची जागा बघा.

मेलामाईनचंही तेच. थर कडक, खालचं लाकूड दर ऋतूत हलणारं. दोनेक वर्षांत तो पापुद्र्यासारखा सुटतो, आणि हे पापुद्रे ज्या बोर्डावर फळं कापायची त्यावर नकोत. भिंतीवर टांगायच्या शोभेच्या बोर्डाला खुशाल मारा.

कानस | १३ मे, सकाळी १०:०५

शिसवाच्या बोर्डाची चूक बनवणाऱ्याची आहे, हवेची नाही. पितळी मूठ लाकडाच्या रेषेला (तंतूंच्या दिशेला) आडवी बसवून दोन्ही स्क्रू घट्ट आवळले की लाकडाला हलायला वावच नाही. आकसताना ते सगळ्यात कमकुवत जागी फाटतं, आणि ती जागा म्हणजे स्क्रूचं भोक.

उपाय: दोन्ही स्क्रू काढा. मुठीचं एक भोक आहे तसं ठेवा. दुसरं बारीक गोल कानशीने लांबट करा, १ ते १.५ मिमी इकडे आणि तेवढंच तिकडे, रेषेला काटकोनात. लांबट भोकातला स्क्रू आवळून मग पाव फेरा सैल सोडायचा. स्क्रू पितळी किंवा ३०४ स्टेनलेसचे. साधा लोखंडी स्क्रू ओल्या लाकडात काळा डाग सोडतो, आणि पावसाळ्यात गंजला की काढताना डोकं तुटतं. आणि हो, पितळी मुठीला लिंबू लावून चमकवायच्या भानगडीत पडू नका. हिरवट चिकटा लाकडात उतरतो.

हाच नियम बोर्डाच्या टोकांना लावलेल्या आडव्या पट्ट्यांना. दिसायला सुरेख, पण पूर्ण लांबीला डिंक लावून चिकटवलेली असली की फळी तिच्या विरुद्ध ओढून फाटते. बरोबर पद्धत म्हणजे मधल्या ४-५ सेंमीत डिंक आणि बाकी पट्टी खाचेत मोकळी. विकत घेताना कळायची खूण: पावसाळ्यात फळी पट्टीच्या बाहेर किंचित डोकावते आणि मेमध्ये आत जाते. वर्षभर जी टोकं एकदम तंतोतंत दिसतात, त्यांच्याबद्दल मला संशय येतो.

जोडाच्या बोर्डाला डिंक विचारून घ्या. साधा पांढरा डिंक पाण्याने मऊ पडतो, वॉटरप्रूफ (मरीन) ग्रेडच हवा. जोडाच्या पट्ट्या ४ ते ६ सेंमीच्या असल्या की एका फळीपेक्षा बोर्ड जास्त सपाट राहतो. लोक उगाच एकसंध फळीच्या मागे लागतात.

ओटा_आवरला | १३ मे, दुपारी १२:१५

डागांचं मी घेते.

हळद लाल झाली ती साबणामुळे. साबण क्षारधर्मी असतो, हळदीचा रंग क्षारात लाल होतो. लिंबू चोळा, लगेच पुन्हा पिवळा दिसेल. घाबरायचं काहीच नाही. पण लिंबाने हळद *जात* नाही, रंग फक्त परत येतो. हळदीला घालवतं ऊन. डाग ओल्या फडक्याने पुसा आणि बोर्ड सकाळी ७ ते ८ च्या दरम्यान २०-२५ मिनिटं उन्हात *उभा* ठेवा, मधे एकदा पाठ फिरवा. असं तीन-चार दिवस. मेमध्ये दहा नंतरचं ऊन नको, नाहीतर डाग जाईल आणि नवी चीर येईल.

काळं वर्तुळ म्हणजे सागातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोखंडाची प्रतिक्रिया. हे वरच्या वर असतं. लिंबूफूल १ चमचा, कोमट पाणी अर्धी वाटी, कापसाने फक्त काळ्या जागी लावा, ५ मिनिटांनी पुसा. दोनदा-तीनदा करा. नंतर साध्या पाण्याने पूर्ण बोर्ड दोन्ही बाजूंनी पुसा, आणि सुकला की तेल. पॉलिशवाले ऑक्झॅलिक ॲसिड सुचवतात, काम झटपट करतं, पण ते विषारी आहे, जेवणाच्या वस्तूला नको.

तारेची घासणी वापरू नका. तिचे बारीक कण लाकडात अडकतात आणि पुढच्या धुण्यात काळे ठिपके उमटतात. खाण्याचा सोडाही नको. कांद्याचा वास जाईल, पण क्षारामुळे साग काळवंडेल आणि उरलीसुरली हळद लाल होईल. वासासाठी जाडं मीठ आणि अर्धं लिंबू, लिंबाच्याच कापाने घासा, दोन मिनिटांनी पुसा.

रोजचं धुणं: कोमट पाणी, दोन थेंब भांड्याचा साबण, मऊ स्पंज, दोन्ही बाजू. वरची बाजू खराब झाली तरी खालचीही ओली करा. नाहीतर एकच बाजू फुगते. ३० सेकंदांत काम संपवा, फडक्याने कोरडा करा, कडेवर उभा ठेवा. सिंकमध्ये भांड्यांखाली रात्रभर राहिलेला बोर्ड सकाळी होडी होऊन निघतो.

एक अस्सल नागपुरी घोळ: संत्री बोर्डावर सोलू नका. सालीचं तेल मेण विरघळवतं. तेवढ्याच जागी बोर्ड पांढुरका, कोरडा दिसतो आणि मग पुढचा प्रत्येक डाग तिथेच बसतो. सोललेल्या फोडी मांडायला काही हरकत नाही, जेवण झालं की पुसून घ्या.

सांबारवडी | १३ मे, दुपारी २:३०

लिंबू लावल्याबरोबर लाल जाऊन पिवळा झाला! आता कोणतं तेल, हे कुणी सांगेल का? खोबरेल नको का? आणि पोळपाटाला तर कुणी कधी तेल लावत नाही.

मेणबत्ती_नाही_मेण | १३ मे, दुपारी ४:१०

पोळपाटाला कणकेचं तेल-तूप रोज लागतंच की, आणि आपण तो ओल्या फडक्याने पुसतो, सिंकमध्ये लोळवत नाही.

खोबरेल चालतं, पण हळूहळू खवट होतं, खास करून घाणीचं. शेंगदाणा, तीळ, मोहरी, सोयाबीन तर नकोच. ही तेलं ना नीट सुकतात ना धड ओली राहतात, चिकट होऊन वास मारतात.

मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन (खनिज तेल) मागा, आयपी म्हणजे औषधी दर्जाचं आणि हेवी म्हणजे दाट. लेबलवर घटक एकच असायला हवा. पोट साफ होण्याचं पांढरं दुधाळ औषध देतील, त्यात पॅराफिनबरोबर इतर औषधं आणि चव मिसळलेली असते, ते नको. बेबी ऑइल नको (सुगंध). पूजेच्या दिव्याचं तेल आणि मशीनचं तेल तर अजिबात नको.

नवीन किंवा कोरड्या ४० × २५ बोर्डाला पहिल्या वेळी दोन्ही बाजू, कडा आणि टोकं धरून साधारण २०-२५ मिली लागतं. त्यातला तिसरा हिस्सा टोकंच पितात, तिथे दोनदा लावा. रात्रभर उभा ठेवा, सकाळी कोरड्या सुती फडक्याने पुसा. असं तीन रात्री. पुढे गरजेप्रमाणे. गरज कशी ओळखायची? पाण्याचे चार थेंब टाका. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर काही करू नका. पाच मिनिटांत पसरून लाकूड गडद झालं तर लावा.

वरून मेणाचा लेप: पॅराफिन २०० ग्रॅम, मधमाशीचं मेण ५० ग्रॅम, वजनानेच, वाटीने नाही. पातेल्यात पाणी तापवून त्यात स्टीलचा डबा ठेवा. मेण ६२-६४ अंशांना वितळतं, त्यामुळे पाणी उकळायचीसुद्धा गरज नाही. थेट गॅसवर कधीच नको. वितळलं की ढवळून डबीत ओता. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हा लेप बोर्डावर चिकट वाटतो, म्हणून उन्हाळ्यासाठी २०० ला ६५ ग्रॅम मेण घ्या. लेप पातळ लावायचा, अर्धा तास थांबून *जोर लावून* पुसायचा. बोटाचा ठसा उमटत असेल तर पुसणं कमी पडलंय.

मेण खरं आहे का? तुकडा हातात मळा. मधमाशीचं मेण उबेने मऊ होऊन मळलं जातं. मेणबत्तीचं भुगा होऊन तुटतं.

आणि उकळत्या सावजी रश्श्याचं पातेलं थेट ठेवू नका. मेण वितळून पांढरी रिंग येते. खाली घडी केलेलं फडकं घाला. रिंग आलीच तर मऊ फडक्याने गोल-गोल घासून थोडा लेप लावा, जाते.

वऱ्हाडी_जवस | १३ मे, रात्री ८:००

विदर्भात बसून जवसाचं नाव कुणी काढत नाही, हे काहून? खाण्याचं कच्चं जवस तेल हवेत सुकून कडक होतं, पॅराफिन कधीच सुकत नाही. तीन अगदी पातळ हात, प्रत्येक हातानंतर २० मिनिटांनी जादा तेल पुसून घ्यायचं, दोन हातांत किमान आठवडा. शेवटच्या हातानंतर तीन आठवडे बोर्ड वापरायचा नाही. जाड लावलात तर महिनाभर गोंदासारखं चिकटेल. रंग मधासारखा पिवळट होतो, सागावर छान दिसतो.

हार्डवेअरमधलं ‘बॉइल्ड’ लिन्सीड आणू नका, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार असतात. आणि ज्या बोर्डात आधीच पॅराफिन मुरलंय त्यावर जवस नीट सुकत नाही. म्हणून सुरुवातीलाच एक वाट धरा.

कानस | १३ मे, रात्री ८:२०

जवसाबद्दल एक गोष्ट ठळक करून लिहितो: तेलाचं फडकं गोळा करून टाकू नका. जवस सुकताना उष्णता बाहेर पडते. चुरगळलेल्या फडक्यात ती साठते आणि ते काडी न लावता पेटतं. आपल्या ४५ अंशात, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गच्चीवरच्या कचऱ्याच्या डब्यात तर हमखास भीती. फडकं बाहेर मोकळ्यावर सपाट पसरून कडक होईपर्यंत सुकवा, किंवा पाण्यात भिजवूनच टाका. पॅराफिनला ही अडचण नाही.

लकडगंजकर | १४ मे, सकाळी ९:१५

नवा बोर्ड करून घेणाऱ्यांसाठी लाकडाचं. लकडगंजात (नागपूरच्या लाकूडबाजारात) ‘सीपी साग’ म्हणतात तो चंद्रपूर-गडचिरोली-बालाघाट पट्ट्याचा. नाव जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचं (इंग्रजांच्या काळचा मध्य प्रांत), टिकून राहिलंय. बल्लारशाहचा साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांना गेला. तुमच्या बोर्डाला मात्र चौकट-दारांचे कटपीस पुरतात, फक्त पांढरा कच्चा भाग नसलेले निवडा. सागात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे सुरी जरा लवकर बोथट होते. वाढायला उत्तम, रोज कापायला मध्यम.

शिसव जड आणि घट्ट, पण कडेचा पांढरा भाग लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचा आवडता. बीजा दणकट, पण त्यातून पाण्यात रंग उतरतो (त्याचे पेले लोक त्यासाठीच घेतात), ओल्या पदार्थाखाली नको. बाभूळ स्वस्त आणि टणक, नीट वाळलेली नसेल तर पीळ पडतो. हळदू बारीक रेषेचा, पिवळसर, छोट्या बोर्डाला छान. चिंच कापायच्या ठोकळ्याला नामी, खाटीक ती उगाच वापरत नाहीत. आंबा स्वस्त, पण भुंगा आणि बुरशी दोन्हींचा लाडका. कडुनिंब नको, कडवट चव उतरते.

जुन्या वाड्याची दारं-तुळया फार वाळलेल्या असतात हे खरं, पण जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं आणि वाळवीसाठी काय-काय पाजलेलं असतं ते कुणालाच ठाऊक नसतं. टेबल करा, जेवणाचा बोर्ड नको.

रंगवलेलं रबरवुड साग म्हणून विकतात. ओलं पांढरं फडकं मागच्या बाजूला जोरात घासा, तपकिरी रंग सुटला तर समजा.

घासण्याचा क्रम (पॉलिशपेपरचे नंबर): ८०, १२०, १८०, मग ओलं फडकं फिरवून तंतू उभे होऊ द्या, पूर्ण सुकल्यावर २२०. ही ओली पायरी सुतार गाळतात, मग पहिल्याच धुण्यात बोर्ड खरखरीत होतो. शिसवाची आणि सागाची धूळ त्वचेला आणि छातीला त्रास देते, मास्क लावा.

भरदुपार | १४ मे, सकाळी ११:००

ठीक, तेलाचं मान्य. मग बाक आलेला सरळ कसा करायचा? वर वरवंटा ठेवून?

रंधा | १४ मे, सकाळी ११:४०

नुसत्या वजनाने नाही. खोलगट बाजू म्हणजे आखूड झालेली, कोरडी बाजू. तिलाच ओलावा द्यायचा. पंचा भिजवून घट्ट पिळा, सपाट जागी पसरा, बोर्ड खोलगट बाजू खाली करून त्यावर ठेवा. ४ तासांनी पट्टी लावून बघा. ३ मिमीचा बाक १ मिमीवर आला की काढा. पूर्ण सपाट व्हायची वाट बघितली तर उलटीकडे वाकतो. मग कडेवर उभा, दोन्ही बाजूंना हवा, २४ तास. दोन-तीनदा करूनही हलला नाही तर रंधा मारावा लागेल.

ग्रॅनाइटच्या ओट्यावर आडवा पडलेला बोर्ड मेमध्ये वरून सुकतो, पावसाळ्यात खालून ओला होतो. दोन्ही वेळा कडा वरच उचलतात! म्हणून खाली चार रबरी पाय लावा, ८-१० मिमी उंच, किंवा उभाच ठेवा. कूलरवाल्या घरात हे आणखी महत्त्वाचं: दिवसभर कूलरच्या वुडवूलची (जाळीतल्या लाकडाच्या कातरणाची) ओली हवा एका बाजूला, रात्री कूलर बंद झाला की परत कोरडं. बोर्ड बैठकीत नको, आतल्या खोलीतल्या उघड्या शेल्फवर ठेवा.

ओटा_आवरला | १४ मे, दुपारी १:०५

पावसाळ्याचं पण आत्ताच सांगून ठेवते. सिंकखालच्या ट्रॉलीत बोर्ड ठेवला की ऑगस्टमध्ये काळे ठिपके, म्हणजे बुरशी. मेडिकलमधलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लावून १० मिनिटं ठेवा, पुसा, पंख्याखाली दोन दिवस सुकवा. तरी राहिले तर १८० नंबरने घासून पुन्हा तेल. बोर्डाखाली मैद्यासारखी बारीक पूड दिसली तर तो भुंगा. तो बोर्ड बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा, त्यावर कीटकनाशक मारून पुन्हा जेवायला घेऊ नका.

सांबारवडी | १६ मे, सकाळी ८:४५

बाक ३ मिमीवरून १ वर आला, दोन वेळा पंचा लागला. टोकांना मेण लावलं. मुठीचं भोक लांबट केलं. उरली फक्त चीर. ती भरायची तर कधी?

रंधा | १६ मे, सकाळी ९:१०

ऑक्टोबरच्या शेवटी, पाऊस पूर्ण गेल्यावर आणि थंडीचा कोरडेपणा सुरू व्हायच्या आत. तोवर बहुतेक मिटलेली असेल. चिरेच्या टोकाशी पेन्सिलने आज बारीक खूण करून ठेवा. ऑक्टोबरमध्ये चीर खुणेच्या पुढे गेली नसेल तर तिला हात लावू नका. गेली असेल तर पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून करायचा डिंक) ब्लेडने आत सरकवा आणि बोर्ड हलक्या क्लॅम्पमध्ये २४ तास ठेवा. त्याआधी चिरेतलं मेण आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कडक ब्रशने खरवडून काढा. मेण राहिलं तर इपॉक्सी धरत नाही.